भाग ४१ : मावशीचा हौद आणि ॲसिडची कॅन

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला : जुन्या हौदांना आतून लावलेला चुन्याचा गिलावा सतत पाण्यात राहून टिकतो कसा? त्याचं उत्तर आज देतो, पण जरा लांबून, थेट ॲरिझोनावरून. आणि वाटेत विषय दुसरीकडेच वळणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तर झालं असं. यंदा मार्चमध्ये ऑफिसच्या कामासाठी मी तीन आठवडे फीनिक्सला होतो आणि मुक्काम चँडलरला मावसभावाकडे होता. दादाने घराच्या मागच्या अंगणात नुकताच स्विमिंग पूल बांधून घेतला होता. मराठीत नुसतं पूल म्हटलं की नदी आणि कठडे डोळ्यांसमोर येतात. मावशी तिकडेच होती, ती पहिल्या दिवसापासून त्याला हौद म्हणते. मीही तेच म्हणणार आहे.

मी पोचलो तेव्हा खोदाई, सळया, पाइप, काँक्रीट, काठाच्या टाइल्स, सगळं होऊन गेलं होतं. राहिला होता शेवटचा गिलावा. सकाळी सात वाजता माणसं आली. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची पूड कालवून त्यांनी आतून जेमतेम अर्धा इंचाचा थर दिला. ओल्या थरावर पाय उमटू नयेत म्हणून खिळ्यांचे बूट घालून ते आत फिरत होते आणि लांबलचक थापीने घोटत होते. दुपारी काम संपलं आणि लगेच त्यांनी बागेतला पाइप आत सोडला. पाइपच्या तोंडाला फडकं बांधलं, म्हणजे धारेने ताजा गिलावा उकरला जाऊ नये. जाताना दादाला एक कागद दिला. त्यावर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात होतं : पाणी टाइलच्या मध्यापर्यंत येईपर्यंत नळ बंद करू नये.

छप्पन्न हजार लिटरचा हौद. बागेच्या पाइपाने भरायला सव्वीस-सत्तावीस तास लागतात.

आता मावशीचं बालपण महाडचं. उन्हाळ्यात पाणी जपून वापरायचं, हे तिच्या हाडात आहे. रात्री दोनला ती उठली, नळाचा आवाज ऐकला, मागे गेली आणि नळ बंद करून शांतपणे झोपली. सकाळी सहाला दादाने बघितलं तेव्हा पाणी अर्ध्यावर थांबलेलं. नळ परत सोडला, हौद भरला, पण भिंतीवर जिथे पाणी चार तास थांबलं होतं तिथे एक फिकट रेघ उमटली ती उमटलीच. दादा काही बोलला नाही. मावशी मात्र फार ओशाळली. पुढचे दिवस हौद घासायचं काम तिने कुणालाच करू दिलं नाही.

घासायचं काय, असं तुम्ही म्हणाल. नवा करकरीत हौद! मलाही तेच वाटलं होतं. बांधकाम संपलं म्हणजे काम संपलं. पण तसं नसतं, आणि इथेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं तेव्हा त्यातून विरलेला चुना सुटतो, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायचो आणि निवळी दुधाळ व्हायची, आठवतं? तोच चुना, तीच क्रिया. चुन्याला कार्बोनेट मिळालं की त्याचा चुनखडीचा दगड होतो. हा दगड गिलाव्याच्या छिद्रांतच तयार झाला तर पृष्ठभाग घट्ट आणि गुळगुळीत होतो. जुन्या हौदांचे गिलावे टिकण्यात या गुणाचाही वाटा आहे. पण चुना आधीच पाण्यात उतरला आणि दगड तिथे झाला, तर तो पांढरी पीठूळ धूळ होऊन तळाशी बसतो. ती वेळीच घासून काढली नाही की भिंतीला खरखरीत चिकटते. म्हणून पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा ब्रश मारायचा. पंप चालू ठेवायचा. चाकांचा क्लीनर २८ दिवस आत सोडायचा नाही, चाकोऱ्या पडतात. एकूण काय, हौदाचा शेवटचा हात गवंडी देत नाही, पाणी देतं.

आणि पाण्याचा स्वभाव विचित्र. त्यात कॅल्शियम कमी असेल, किंवा ते आम्लधर्मी असेल, तर त्याला भूक असते आणि ते गिलाव्यातून चुना खातं. जास्त असेल तर ते भिंतीवर क्षाराचे थर टाकतं. या दोन टोकांच्या मधली जागा गणिताने काढता येते, हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्फ्रेड लँगलिअर यांनी १९३६ मध्ये दाखवलं. पीएच, तापमान, कॅल्शियम, क्षारता आणि पाण्यात विरघळलेले एकूण क्षार यांवरून एक आकडा निघतो. शून्याच्या आसपास असेल तर पाणी ना खातं ना थर टाकतं. गंमत म्हणजे लँगलिअर यांच्या डोक्यात घरचे हौद नव्हतेच. शहराच्या पाणीपुरवठ्याचे नळ आतून गंजू नयेत यासाठी ते सूत्र होतं. आज चँडलरमधला माणूस रविवारी सकाळी चड्डीवर उभा राहून, काचेच्या नळीत थेंब टाकून, महापालिकेच्या इंजिनिअरचं गणित सोडवत असतो.

नव्या गिलाव्यातून चुना सुटत असल्याने पाण्याचा पीएच रोज वर चढतो. तो ७.२ ते ७.८ च्या मध्ये खाली आणायला आम्ल घालावं लागतं. त्यासाठी दुकानातून प्लास्टिकच्या कॅनमध्ये म्युरिॲटिक ॲसिड आणायचं. नाव भारी आहे, पण हे आपलं हायड्रोक्लोरिक ॲसिड. बादलीत आधी पाणी, मग ॲसिड, उलट कधीच नाही. पंप चालू ठेवून ते सावकाश ओतायचं. इतक्या पाण्यात एखादा लिटर ॲसिड म्हणजे पीएचमध्ये काही दशांशांचा फरक. ही कॅन लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

संध्याकाळी मी हौदाच्या काठी बसून वाचत होतो की हे प्रकरण घरोघरी पोचलं कसं. सुरुवात एका पेंढा भरणाऱ्या माणसापासून होते. कार्ल एकली हा शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांचे हुबेहूब पुतळे तयार करायचा. म्युझियम तेव्हा १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी घाईत उभारलेल्या इमारतीत होतं आणि तिच्या बाहेरच्या भिंतींचे पोपडे निघत होते. १९०७ च्या सुमारास एकलीने हवेच्या दाबाने सिमेंट फवारणारी एक बंदूक बनवली. १९११ मध्ये पेटंट मिळालं. त्यातून निघालेल्या मालाला गनाइट हे नाव पडलं. खड्डा खणा, सळया बांधा, फवारा. फळ्यांचे साचे नकोत, त्यामुळे हौदाला हवा तो आकार देता येतो. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनोमाजवळ डॉनेल कुटुंबाच्या बागेत टॉमस चर्च या बागरचनाकाराने मूत्रपिंडाच्या आकाराचा हौद केला, आणि तो आकार पुढे इतका चालला की अमेरिकेवरून विमान उतरताना खाली अजूनही तेच निळे ठिपके दिसतात.

पण तंत्र स्वस्त झालं एवढ्यावर सगळे लोक अंगणात खड्डे खणत नाहीत. त्याआधीच्या तीन-चार दशकांत अमेरिकेत पोहणं म्हणजे नगरपालिकेचे तलाव. प्रचंड मोठे, हजारो माणसं मावतील असे. सेंट लुईसमधला फेअरग्राउंड पार्कचा गोल तलाव एवढा मोठा होता की आपल्या गावातलं अख्खं मैदान त्यात बसावं. मग ते सोडून लोक घरी का गेले?

इथे पाणी स्वच्छ ठेवण्याचा इतिहास बघावा लागतो. सुरुवातीला पद्धत एकच होती : भरा, वापरा, घाण झालं की सोडून द्या, परत भरा. मग १९०८ मध्ये जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात डॉ. जॉन लील यांनी क्लोरीनचं संयुग कायमस्वरूपी वापरायला सुरुवात केली. १९११ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या तलावात ते पोहण्याच्या पाण्यासाठी वापरलं गेलं. गाळणी आणि क्लोरीन आल्यावर तेच पाणी आठवडेच्या आठवडे सुरक्षित राहायला लागलं. कुणाच्याही अंगावरचे जंतू असोत, क्लोरीन नाव-गाव विचारत नाही.

म्हणून पुढची गोष्ट वाचताना मी थांबलो. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना शहरात १९१४ मध्ये ब्रुकसाइड प्लंज नावाचा सार्वजनिक तलाव उघडला. काळे, मेक्सिकन आणि आशियाई लोकांना आठवड्यातला एकच दिवस. त्याला नाव काय, तर आंतरराष्ट्रीय दिवस. आणि तो दिवस संपला की तलाव रिकामा करून ताजं पाणी भरायचं, मगच गोरे उतरणार. जॅकी रॉबिन्सन, पुढे बेसबॉलमधली वर्णाची भिंत तोडणारा खेळाडू, याच शहरात लहानाचा मोठा झाला. एनएएसीपी कोर्टात गेली. तेव्हा शहराने काही वर्षं तलाव बंद ठेवणं पसंत केलं, आणि शेवटी १९४७ मध्ये तो सगळ्यांना खुला झाला.

आम्ही होतो तिथून गाडीने वीस मिनिटांवर टेम्पी आहे. तिथला टेम्पी बीच तलाव १९२३ मध्ये सुरू झाला आणि १९४६ पर्यंत मेक्सिकन वंशाच्या लोकांना आत प्रवेश नव्हता. मधल्या काळात त्यांची मुलं महायुद्धात लढून परत आली होती. त्यांनी आवाज उठवला तेव्हा दार उघडलं. आज तिथे छान बाग आहे. आम्ही मावशीला घेऊन तिथे फिरायला गेलो होतो तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं.

सेंट लुईसमध्ये २१ जून १९४९ ला तो गोल तलाव पहिल्यांदा काळ्या मुलांना खुला झाला. मुलं पोहत होती तेव्हा कुंपणाबाहेर जमाव गोळा होत होता. बाहेर पडल्यावर त्यांना मारहाण झाली, संध्याकाळी दंगल पेटली. पुढच्या वर्षी कोर्टाने तलाव सगळ्यांसाठी उघडायला लावला. गोरे यायचे थांबले. १९५६ मध्ये तलाव बंद झाला. असंच गावोगाव झालं, काही ठिकाणी तर नगरपालिकांनी तलाव बुजवून टाकले.

जेफ विल्टसी या इतिहासकाराने या सगळ्यावर ‘कंटेस्टेड वॉटर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं आहे. त्याचा आकडा असा की १९५० मध्ये अमेरिकेत जमिनीत बांधलेले खासगी हौद सुमारे अडीच हजार होते, आणि १९९९ पर्यंत ते चाळीस लाख झाले. आता याला एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. गनाइट होतं, उपनगरं वाढत होती, कर्जं मिळत होती, हातात पैसा होता. ॲरिझोनात तर ४५ डिग्रीची दुपार हे एकच कारण पुरेसं आहे. पण ज्या वर्षांत सार्वजनिक पाणी सगळ्यांचं झालं, त्याच वर्षांत ज्यांना परवडत होतं ते आपापलं पाणी घेऊन कुंपणाआड गेले, हे नाकारता येत नाही. ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्याकडे बंद पडलेला तलाव राहिला. त्यांची मुलं पोहायला शिकली नाहीत, मग त्यांची मुलंही शिकली नाहीत. सरकारी आकडेवारीनुसार १० ते १४ वयाच्या काळ्या मुलांचं स्विमिंग पूलमध्ये बुडून मरण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या सात पटींहून जास्त आहे.

आता ती कॅन.

फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन नावाचं गाव आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचं आंदोलन चालू होतं. ११ जूनला किंग यांना मॉन्सन मोटर लॉज या मोटेलच्या पायऱ्यांवर अटक झाली होती. १८ जूनला त्याच मोटेलमध्ये खोली घेतलेल्या गोऱ्या कार्यकर्त्यांनी काळ्या साथीदारांना आपले पाहुणे म्हणून बोलावलं आणि सगळे मिळून तलावात उतरले. मॅनेजर जेम्स ब्रॉक धावत आला. त्याच्या हातात म्युरिॲटिक ॲसिड होतं. मोटेलच्या तलावासाठी ते ठेवलेलंच असणार, जसं दादाच्या गॅरेजमध्ये आहे. पोहणाऱ्यांच्या आसपास तो ते ओतत सुटला. आपण तलाव साफ करतोय, असं तो ओरडत होता म्हणतात. त्या क्षणाचा फोटो जगभर छापला गेला. पाण्यातल्या मुलीचा चेहरा बघवत नाही.

एवढ्या पाण्यात तेवढं ॲसिड पातळ होऊन जातं. तो हिशोब पाण्यातल्या एकाला माहीत होता. बाकीचे घाबरले तेव्हा त्याने तलावातलं थोडं पाणी पिऊन दाखवलं, असं सांगतात. मग एक पोलीस कपड्यांसकट पाण्यात उडी मारून त्यांना पकडायला आला. दुसऱ्याच दिवशी सिनेटने नागरी हक्कांचं विधेयक मंजूर केलं, २ जुलैला त्यावर सही झाली. मोटेल, हॉटेल, उपाहारगृहं, सगळी त्या कायद्याखाली आली. मागच्या अंगणातले हौद अर्थातच आले नाहीत.

पाणी पिऊन दाखवलं, हे वाचलं आणि तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही आलं. माझं आजोळ महाडचं, मघाशी म्हणालोच. २० मार्च १९२७. मुंबई विधिमंडळाचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ चा, दोन्ही कागदावरच. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. मंदिरात घुसणार अशी अफवा उठली, परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. आणि मग गावाने तळ्याची शुद्धी केली. शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात रिकाम्या झाल्या. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडला.

पॅसाडिनात पाणी काढून टाकत होते, महाडात पाण्यात शेण घालत होते. इंजिनिअर म्हणून मला पहिली गोष्ट निदान दिसायला तरी स्वच्छतेसारखी वाटते, दुसरी तर सरळ सरळ पाणी घाण करणं आहे. दोन्ही ठिकाणी त्याला साफ करणं म्हणत होते.

आमच्या घरात ही गोष्ट कधी कुणी सांगितली नाही. तळं घरापासून पाच मिनिटांवर, पण मी ती शाळेच्या पुस्तकात वाचली. आमचं घर कुठल्या बाजूचं असणार हे माझ्या आडनावावरून तुम्हाला कळतंच. मावशीचे आजोबा तेव्हा गावात होते, चांगले तिशीतले.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मावशी हौद घासत होती. लांब दांड्याचा ब्रश, वरून खाली, हळू, धूळ उडू न देता. मी काठावर बसून पाणी तपासत होतो. म्हटलं, “मावशी, तळ्याची शुद्धी केली तेव्हा आजोबा होते का गं?”

“मला काय माहीत. माझा जन्म कुठे झाला होता तेव्हा.”

“कधी बोलले नाहीत?”

“नाही.”

ती घासत राहिली. मला वाटलं विषय संपला. मी नळीत थेंब टाकले, रंग जुळवला, वहीत आकडा लिहिला. दादा रोजची वही ठेवतो, तारीख, पीएच, क्षारता, ॲसिड किती घातलं.

मग ती म्हणाली, “एकशे आठ घागरी एका घरात नसतात रे.”

मी वर बघितलं. ती त्या रेघेपाशी आली होती, तिथे दोन-चार हात जास्त मारले.

“आमच्याकडे तांब्याच्या मोठ्या दोन होत्या,” ती म्हणाली. “एक ताईकडे गेली. एक माझ्याकडे आहे, डोंबिवलीला. तुळशीपाशी ठेवलीय.”

ती घागर मी लहानपणापासून बघतोय. दिवाळीत चिंचेने घासायचं काम माझ्याकडे असायचं.

रेघ अजून आहे. दादा म्हणतो, हळूहळू गिलाव्याचा रंग एकसारखा होईल, नाही झाला तर राहू दे. २८ दिवसांनंतर चाकांचा क्लीनर सुरू झाला, मावशी एप्रिलच्या शेवटी परत आली. मॉन्सन मोटेल २००३ मध्ये पाडलं, किंग यांना जिथे अटक झाली त्या पायऱ्या तेवढ्या जपून ठेवल्या आहेत. गिलाव्याबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर लिहा. पुढच्या भागात पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणलं त्याबद्दल बोलू, आणि त्या हौदांवर कोण पाणी भरू शकत होतं, त्याबद्दलही.